आंब्याच्या पेट्या आणि झोपलेली कार्नेशन्स

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख मागायला ज्या मुलीचा फोन आला ती म्हणाली, "काकू, तुमचं लाइफ किती ब्यूटिफुल होतं ना, सगळं फुलांमध्ये." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि बोटांच्या भेगांना व्हॅसलीन चोळत बसले. फुलांच्या ठोक व्यापारात फुलांपेक्षा बादल्या जास्त असतात. बादल्या घासायच्या, भरायच्या, उचलायच्या, रिकाम्या करून पुन्हा घासायच्या. बाहेर मॅसॅच्युसेट्सचा हिवाळा आणि आत कोल्ड रूम, म्हणजे गारठ्यातून सुटका म्हणून गारठ्यात शिरायचं. आणि बादल्यांच्या खालोखाल त्या आयुष्यात काही असेल तर तो हेवा. सुंदर लिहिणारी मंडळी अंकात पुष्कळ असतील, तेव्हा मी आपलं हेव्याबद्दलच लिहिते.

आम्ही राहायला श्रूजबरीला आणि फुलांची पेढी वूस्टरमध्ये, जुन्या रेल्वेच्या मालधक्क्यामागे. सुधीरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, नोकरीमुळे आम्ही इथे आलो. सुरुवातीची वर्षं मला काम करायची परवानगीच नव्हती. ग्रीन कार्ड आल्यावर मैत्रिणी सॉफ्टवेअर टेस्टिंगचे कोर्स करायला लागल्या आणि मी 'व्हॅलेंटाइनच्या गर्दीसाठी माणसं हवीत' अशी पाटी वाचून पेढीत शिरले. सुधीर म्हणाला, "दोन आठवड्यांत कंटाळशील." मी बाहेर पडले ती थेट पेढीला कुलूप लागलं तेव्हाच.

पेढी आर्थर यांची. ती त्यांच्या आजोबांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला काढली, तेव्हा ती फुलांची अडत होती. आपल्याकडे मार्केट यार्डात अडत्या शेतकऱ्याचा माल विकून देतो आणि आपला हिस्सा कापून घेतो, तसाच हा व्यवहार. आसपासच्या गावांत दगडी कोळशावर गरम ठेवलेली काचघरं होती. तिथून लांबट लाकडी खोक्यांत, वर्तमानपत्रात गुंडाळलेली कार्नेशन्स, गुलाब आणि व्हायोलेट पहाटेच्या रेल्वेने यायची आणि स्टेशनवरून घोडागाडीने पेढीवर. थंडीत वाटेत फुलं गोठायची, उन्हाळ्यात उकडायची, आणि दोन्ही वेळा काचघरवाला अडत्याला शिव्या द्यायचा. माल स्वस्तात विकला असा संशय आला की तो दुसऱ्या दिवशी खोकी समोरच्या पेढीत टाकायचा. आजोबांचं निम्मं आयुष्य काचघरवाल्यांची समजूत काढण्यात गेलं, असं आर्थर सांगायचे.

माझ्या काळात यातलं फारसं काही उरलं नव्हतं. फुलं येतात कोलंबिया आणि इक्वेडोरहून, विमानाने मायामीला आणि तिथून गार ट्रकने आमच्या दारात. पण जुन्या वेळच्या दोन गोष्टी आर्थरनी टिकवल्या होत्या. एक, गावाबाहेरचं शेवटचं काचघर. तिथला म्हातारा अजून जुन्या जातीची कार्नेशन्स लावायचा. हल्लीच्या कार्नेशनला वास नसतो, याच्या फुलांना लवंगेसारखा वास यायचा. दुसरी गोष्ट म्हणजे टेबल. आजोबांनी चेस्टनटच्या लाकडाचं करून घेतलेलं, कमरेइतकं उंच, दहा माणसं शेजारी शेजारी उभी राहतील एवढं लांब. आलेलं खोकं त्या टेबलावर उघडायचं, प्रत लावायची, म्हणजे उत्तम आणि दुय्यम फुलं वेगळी करायची, आणि कुठली जुडी कुठल्या फ्लोरिस्टला जाणार हे तिथेच ठरायचं. टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला आर्थर उभे राहायचे. तिथे दुसरं कुणी उभं राहत नसे.

मदर्स डेच्या आदल्या शनिवारी आर्थर त्या टोकाला उभे राहून पेढीतल्या प्रत्येकाला, ड्रायव्हरसकट, त्या काचघरातलं एकेक कार्नेशन द्यायचे. ज्याची आई आहे त्याला गुलाबी, ज्याची नाही त्याला पांढरं. पूर्वी हा रिवाज इथे घरोघर होता. लोक फूल कोटाला लावून चर्चला जायचे. आता बाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही, पण आमच्याकडे आजोबांपासून चालू होता. आर्थर कुणाला काही विचारायचे नाहीत. कुणाची आई आहे आणि कुणाची गेली हे त्यांना माहीत असायचं. मी दर वर्षी गुलाबी फूल घ्यायची, घरी येऊन साताऱ्याला फोन लावायची आणि आईला सांगायची. आई म्हणायची, "बरं झालं गं, मी आहे म्हणून तुला एक फूल तरी मिळतं."

आर्थरना एकच मुलगी, ती टेक्सासला शुगर लँडमध्ये डॉक्टर. तिला या बादल्यांशी काही देणंघेणं नव्हतं. तेव्हा आर्थर थकले की टेबलाच्या त्या टोकाला मी उभी राहणार आणि ती कार्नेशन्स माझ्या हातून दिली जाणार, हे मी धरूनच चालले होते. मला आयुष्यात दुसरी कसली हाव नव्हती. सोनं नको, मोठं घर नको, ते टोक हवं.

आणि मग मी मंदारला आणलं.

हो, मीच. गणपतीच्या जेवणाच्या रांगेत त्याची बायको भेटली. मंदार पुण्याचा, आयटीतला, नुकताच लेऑफ झालेला. बायकोच्या व्हिसावर त्याला कामाचा परवाना होता. घरी बसून तो भिंती न्याहाळतो असं ती म्हणाली. मला दया आली. मी आर्थरकडे शब्द टाकला आणि व्हॅलेंटाइनच्या गर्दीसाठी तो आला. म्हणजे अगदी माझ्यासारखाच, त्याच दारातून.

पहिल्या दिवशी मला म्हणाला, "काकू, मला फ्लॉवर्समधलं झीरो नॉलेज आहे." त्याची चाळिशी उलटलेली. मी त्याच्याहून फार तर दहा-बारा वर्षांनी मोठी. ताई म्हणायला याचं काय जात होतं, कोण जाणे.

झीरो नॉलेज हे मात्र खरं होतं. गुलाबांचं खोकं तो उलटं ठेवायचा. लिलीचे पराग शर्टाला लावून घ्यायचा आणि पाण्याने चोळून ते आणखी पक्के करायचा. मी अशा चुका केल्या तेव्हा मला ओरडा बसला होता. हा चुकला की सगळे हसायचे आणि त्याच्या पाठीवर थाप मारायचे. महिन्याभरात फ्लोरिस्ट दारातून आत येताना विचारायला लागले, मंदार कुठाय. मी समोर जुडी हातात घेऊन उभी असायची.

त्याचं नावही मला खुपायचं. मला आर्थर पहिल्या दिवसापासून 'रो' म्हणत. रोहिणीतला एवढाच तुकडा त्यांना झेपला. मंदारचं नाव मात्र त्यांनी चार दिवस घोकून पूर्ण म्हणायला शिकून घेतलं, कारण त्याने सांगितलं होतं की हे आमच्याकडच्या रानात उगवणाऱ्या एका फुलाचं नाव आहे आणि ते देवाला वाहतात. आर्थरनी ते झाड शोधून त्याचं चित्र टेबलावरच्या भिंतीला लावलं. रोहिणी हे नक्षत्र असतं हे त्यांना सांगावं असं मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, आणि आता सांगितलं असतं तर त्याची नक्कल केल्यासारखं दिसलं असतं.

पण खरी कळ निघाली ती निशिगंधावरून. निशिगंध पेढीत मी आणला होता. इथल्या जुन्या लोकांना हे फूल सोसत नाही. त्यांच्या आजी-आजोबांच्या काळात ते मयताचं फूल होतं. आमचा एक म्हातारा फ्लोरिस्ट तर निशिगंधाची बादली दिसली की टोपी काढायचा. एकदा एका मराठी मुलीच्या लग्नाची फुलं न्यायला तिची अमेरिकन सासू आली, दार उघडताच थबकली आणि तिने हळू आवाजात मला विचारलं, कोण गेलं. मी म्हटलं, कुणी नाही, तुमचा मुलगा बोहल्यावर चढतोय. हे असले प्रसंग निस्तरत मी वेस्टबरो, श्रूजबरी, अ‍ॅक्टनपर्यंत निशिगंधाचं गिऱ्हाईक जमवलं. घाऊक भावात दोन काड्या मागणारी आपली माणसं सांभाळली, गजऱ्याला सुट्टी फुलं मागणाऱ्या काकवा सांभाळल्या. मंदारने काय केलं, तर निशिगंधाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या सगळ्या ग्रुपवर टाकला. ऑर्डरी दुप्पट झाल्या. आर्थर दोन्ही हात टेबलावर ठेवून म्हणाले, "मंदारला या फुलातलं फार कळतं." मी कोल्ड रूममध्ये गेले आणि काही कारण नसताना तिथल्या सगळ्या बादल्या घासल्या.

तो टिकला. वर्ष झालं. पुढच्या व्हॅलेंटाइनच्या आठवड्यात माझी आई गेली.

भावाचा फोन आला तेव्हा मी लाल गुलाबांच्या खोक्यांमध्ये उभी होते. आर्थरनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि मला स्वतः घरी सोडलं. मी साताऱ्याला दहाव्याला पोचले. घरात आईचा चष्मा खिडकीत तसाच होता. तेराव्यानंतर काही दिवस राहून परत आले आणि जेट लॅगमध्ये तशीच पेढीवर गेले, कारण घरी बसवत नव्हतं. आत शिरले तर टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला मंदार उभा. आर्थर शेजारी स्टुलावर बसून थर्मासातली कॉफी पीत होते आणि तो खोकं उघडून प्रत लावत होता. मला बघून तो लगबगीने बाजूला झाला. "सॉरी काकू. आय मीन, वाईट झालं. आर्थरचे गुडघे दुखतायत ना, म्हणून मी जरा." मी म्हटलं, "असू दे." पण मला ते अजिबात असू द्यायचं नव्हतं. मी आईचा तेरावा करून आले होते, आणि माझी जागा याने घेतली होती.

एप्रिलमध्ये मंदारची आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली. मालतीमावशी. ठेंगणी, गोरी, बारीक अंबाडा. घरी एकटीला करमेना म्हणून मंदार तिला दुपारी पेढीवर आणायचा. ती हीटरजवळ बसायची आणि टाकून द्यायच्या फुलांतून चांगल्या पाकळ्या वेचायची. गुलकंद करायचा म्हणाली. मी सांगितलं, "मावशी, त्यावर औषधं मारलेली असतात, पोटात जाऊ देऊ नका." त्यावर ती म्हणाली, "मग हार करते," आणि खरंच हार केला, टाकाऊ कार्नेशन्सचा, आणि आर्थरच्या टेबलाच्या कडेला बांधून टाकला. दुसऱ्या दिवशी आर्थरच्या कॉफीबरोबर पुरणपोळी होती. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी पुरणपोळी दिली नव्हती. मला वाटायचं, गोरा माणूस, काय खाणार. आर्थरनी दोन खाल्ल्या.

आता आंब्यांकडे येते.

मे महिन्यात इथल्या मराठी घरांना हापूसचा ताप चढतो. भारतातून विमानाने पेट्या येतात. ग्रुपवर ऑर्डरी जमा होतात, कुणीतरी एक जण बॉस्टनच्या विमानतळावरून सगळ्यांच्या पेट्या आणतो आणि लोक सवडीने त्याच्या गॅरेजमधून घेऊन जातात. त्या वर्षी हे काम मंदारने अंगावर घेतलं होतं. पेट्या आल्या त्या मदर्स डेच्या आठवड्यात, आणि नेमकं तेव्हाच उकडायला लागलं. गॅरेजमध्ये आंबे उतरतील म्हणून त्याने सगळ्या पेट्या पेढीत आणून छोट्या खोलीत रचल्या. छोटी खोली म्हणजे गार, पण गारठा नसलेली. काचघरातली कार्नेशन्स आम्ही तिथे ठेवायचो, म्हणजे ती हळूहळू उमलत. जुन्या चर्चवाल्या मंडळींना अजून तीच फुलं लागत आणि त्यांचे फ्लोरिस्ट वर्षातून एकदा फक्त त्यासाठी आमच्याकडे येत. मी ते दोन दिवस बॉस्टनच्या बाजारातून माल आणण्यात गुंतले होते.

शुक्रवारी सकाळी पेढीचं दार उघडलं आणि हापूसचा वास आला. मी जागच्या जागी थांबले. आई पलंगाखाली पेंढ्यात आंब्यांची अढी घालायची आणि कच्च्या आंब्यांत मुद्दाम एक पिकलेला ठेवायची, म्हणजे त्याच्या उबेला बाकीचे पिकतात, असं म्हणायची. क्षणभर मला वाटलं, पलंगाखाली वाकून बघावं. आणि मग माझ्या लक्षात आलं की वास कुठल्या खोलीतून येतोय.

पिकणाऱ्या फळातून एक वायू सुटतो. आईच्या अढीत आंबा पिकायचा तो त्यानेच. पण कार्नेशनला तो लागला की पाकळ्या आतल्या आत मिटायला लागतात, थंडीत आवळलेल्या मुठीसारख्या. आमच्या धंद्यात याला फूल झोपलं असं म्हणतात. झोपलेलं कार्नेशन पुन्हा उठत नाही. गार पाणी, कोमट पाणी, नवा काप, काही करा. हल्लीच्या आयात फुलांना आधीच औषध पाजलेलं असतं, ती तग धरतात. काचघरातल्या जुन्या फुलांना असलं काही नव्हतं. मी दार उघडलं तेव्हा बादल्याच्या बादल्या झोपल्या होत्या, पांढऱ्या आणि गुलाबी, आणि भिंतीला आंब्याच्या पेट्या रचलेल्या.

मंदार मागून आला. फुलं बघून त्याला काहीतरी बिघडलंय एवढं कळलं.

"या खोलीत फळ ठेवायचं नाही, हे तुला माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"काकू, तुम्हीच सांगितलं होतं. सफरचंद नको, केळी नको. डब्याच्या फ्रिजवर पाटीपण आहे तशी. आंब्याचं कुठे काय लिहिलंय?"

खरंच लिहिलं नव्हतं. शंभर वर्षांत त्या पेढीत कुणी आंबा आणलाच नव्हता.

"आंबा फळ नाही का?"

"आहे ना, पण यार, हापूस आहे तो," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून त्याने जीभ चावली. सर्वांत वरच्या पेटीवर त्याच्या अक्षरात स्केचपेनने लिहिलं होतं, 'रोहिणीकाकू'. ऑर्डर मीच दिली होती. मी ती पेटी उचलून माझ्या गाडीत ठेवून आले.

तेवढ्यात आर्थर आले. दारातच त्यांनी मान वर करून वास घेतला. मग एक पांढरं कार्नेशन उचललं, मिटलेल्या पाकळ्यांवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा पाण्यात ठेवलं. माझ्या छातीत गार आणि गोड असं काहीतरी पसरलं. गेला हा एकदाचा, असं मी मनात म्हटलं. वर्षातून एकदा येणारा माल, शेवटच्या काचघरातला, आणि तो याने घालवला. आता टेबलाचा निकाल लागला.

आर्थर मंदारला म्हणाले, "बस." आणि त्यांनी आजोबांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. तेव्हा रस्त्यावर गॅसचे दिवे होते. एका कडक हिवाळ्यात पेढीसमोरच्या रस्त्याखालची नळी फुटली आणि गॅस, ज्यात हाच फळातला वायू असायचा, जमिनीतून आत झिरपत राहिला. मातीतून गाळून आल्यामुळे त्याचा वास कुणाला आला नाही, पण एका रात्रीत पेढीतली सगळी कार्नेशन्स झोपली. आजोबांना वाटलं गाडीवानाने फुलं थंडीत उघडी ठेवली. त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. नळी सापडल्यावर ते त्याच्या घरी माफी मागायला गेले, तर तो समोरच्या पेढीत लागला होता आणि त्याच्या ओळखीचे चार काचघरवाले त्याच्यामागे गेले होते. "तेव्हापासून आमच्या घरचा नियम आहे," आर्थर म्हणाले, "झोपलेल्या फुलांपायी माणूस काढायचा नाही." मग त्यांनी मंदारला विचारलं, "हे फळ कापतात कसं?"

ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या हातून एकही फूल झोपलं नव्हतं, म्हणून ती मला कधी सांगितली गेली नव्हती. हे मला अजून पचलेलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. मी ट्रक घेऊन पुन्हा बॉस्टनला गेले आणि ओळखीपाळखी वापरून मिळतील तेवढी आयात कार्नेशन्स भरून आणली. बिनवासाची का असेनात, मदर्स डे पार पडला. मंदारने बसून एकेका फ्लोरिस्टला फोन केला आणि खरं काय ते सांगितलं, की माझ्या आंब्यांनी तुमची फुलं झोपवली. तोंड चुकवलं नाही, एवढं मान्य करते. पण झालं काय, तर ते फ्लोरिस्ट संध्याकाळी आंबा चाखायला आले. मालतीमावशीने फोडी केल्या. मी ट्रकमधून खोकी उतरवत असताना टेबलाभोवती माणसं बोटं चाटत उभी होती. आमच्या गिऱ्हाइकांमध्ये अजून त्या वर्षाला 'मंदारच्या आंब्याचं वर्ष' म्हणतात. रोहिणीच्या ट्रकचं वर्ष कुणी म्हणत नाही.

शनिवारी आर्थर टेबलापाशी उभे राहिले. देणार ती काचघरातलीच फुलं, झोपलेली तर झोपलेली, असं त्यांनी ठरवलं होतं. आम्ही रांगेत उभे राहिलो. मंदारला गुलाबी मिळालं. त्याने ते शेजारी उभ्या असलेल्या आईच्या अंबाड्यात खोचलं आणि ती लाजली. मग माझा नंबर आला. आर्थरनी पांढरं उचललं.

मला माहीत होतं की तेच मिळणार. महिने झाले होते, तेरावा मी डोळ्यांनी बघितला होता. तरी ते फूल हातात आलं तेव्हा माझा हात त्यांना परत करायला निघाला होता. आर्थरनी माझी मूठ मिटवली आणि त्यावर थोडा वेळ हात ठेवला. मी मान वळवली तर समोर मालतीमावशीच्या अंबाड्यातलं ते मिटलेलं, वेडंवाकडं गुलाबी कार्नेशन. तोपर्यंत मी मंदारचा हेवा नावावरून केला होता, निशिगंधावरून केला होता, पुरणपोळीवरून केला होता. त्या शनिवारी मी ते सगळं त्याला देऊन टाकलं असतं, टेबलसुद्धा, फक्त रंग बदलून मिळाला असता तर.

जाताना मावशी म्हणाली, "रोहिणी, उद्या जेवायला ये गं. आमरस आहे."

"बघते. काम आहे," मी म्हटलं. रविवारी पेढी बंद असते हे तिलाही माहीत होतं. मी गेले नाही. माझ्या पेटीतले आंबे मी घरी एकटीने खाल्ले. फार चांगले निघाले.

त्या ऑक्टोबरमध्ये आर्थर शुगर लँडला मुलीकडे जायला निघाले. गुडघ्यांनी हार मानली होती. त्यांनी मला टेबलापाशी बोलावून सांगितलं, "रो, पेढी तू चालव." मी काही बोलायच्या आत म्हणाले, "तुझ्यापासून लपवायचं नाही म्हणून सांगतो. मी आधी मंदारला विचारलं होतं. तो नाही म्हणाला." न्यू इंग्लंडची, म्हणजे आमच्या या भागातली, माणसं अशी असतात. खोटं बोलत नाहीत, आणि बोलले असते तर बरं झालं असतं असं आपल्याला वाटत राहतं.

मी मंदारला गाठलं. "नाही का म्हणालास?"

"काकू, न्यू जर्सीत पार्सिपनीला जॉब मिळालाय. इन्शुरन्स, मुलांची शाळा, सगळं बघायला लागतं ना."

"आणि जॉब मिळाला नसता तर?"

तो हसला. "तरी नाहीच म्हटलं असतं. मी त्या टेबलाशी उभा राहिलो असतो तर तुम्ही मला एक दिवस सुखाने श्वास घेऊ दिला असता का?"

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. मी दोन वर्षं पोटात दाबून ठेवलं असं समजत होते आणि ते माझ्या तोंडावर लिहिलेलं होतं.

तो गेला. मी टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला उभी राहिले. हवं ते मिळालं, पण मिळालं ते त्याने सोडल्यावर, आणि हा खडा मला शेवटपर्यंत टोचत राहिला. पेढी मी नीट चालवली. फ्रिजवरच्या पाटीवर 'आंबा' लिहिलं. दर मे महिन्यात शनिवारी कार्नेशन्स दिली, आणि आर्थरसारखंच कुणाला न विचारता कुणाची आई आहे, कुणाची नाही, हे माहीत ठेवलं. मंदारचा फोन दर वर्षी त्याच सुमाराला यायचा. मागून मावशीचा आवाज यायचा, एखाद्या वर्षी पार्सिपनीहून, नाहीतर पुण्याहून, आम्हा तिघांचा फोन जोडून. "रोहिणी, जेवायला कधी येतेस?" मी म्हणायची, येते.

आर्थर शुगर लँडला गेले ते तिथेच वारले. त्यानंतर इमारत विकायचं त्यांच्या मुलीने ठरवलं, ते बरोबरच होतं. पेढीचा तो शेवटचा मे महिना. काचघरातली कार्नेशन्स नीट उमलली होती, खोली लवंगेच्या वासाने भरली होती. शनिवारी मी गुलाबी बादली डाव्या हाताला आणि पांढरी उजव्या हाताला घेऊन उभी राहिले. रांग लागली. ड्रायव्हर, बादल्यांवरच्या बायका, एकेक फूल घेऊन पुढे जात होते. रांगेच्या शेवटी मंदार उभा होता. डोक्यावरचे केस कमी झालेले, हातात गाडीची किल्ली. पार्सिपनीहून सकाळीच निघून आला होता.

"पेढी बंद होतेय म्हणून आलास?" मी विचारलं.

त्याची नजर माझ्या दोन्ही बादल्यांवरून फिरली आणि पांढरीवर थांबली. त्या वर्षी त्याचा फोन आला नव्हता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"मावशी? कधी?"

"मार्चमध्ये. पुण्याला. मी पोचलो दहाव्याला."

माझा हात सवयीने गुलाबी बादलीत गेला होता. तो मी बाहेर काढला आणि पांढरं फूल उचललं. त्याने हात पुढे केला. मी मात्र फूल धरूनच उभी राहिले. इतकी वर्षं त्याच्याकडे जे जे होतं ते मला हवं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडचं काहीतरी त्याच्या वाट्याला आलं होतं, आणि ते त्याला द्यायला माझा हात तयार होत नव्हता.